पर्ड्यूचं येतं वर्ष: एकाच कॉलेजचे दोन संघ, दोन वेगळे अंदाज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: "काका, या ऑगस्टमध्ये मी एमएससाठी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात आलो. इथले सगळे म्हणतात की बास्केटबॉलचा सीझन पास मिळेल तिथून घे आणि फुटबॉलचा सोडून दे. एकाच कॉलेजचे दोन संघ इतके वेगळे कसे? आणि पुढच्या वर्षी काय होणार हे लोक आधीच कसं सांगतात?"

मी मूळचा सांगलीचा, संख्याशास्त्र शिकून इकडे आलो आणि गेली अठरा वर्षं कॉलेज संघांचे सीझन सुरू होण्याआधीचे अंदाज बांधणं हेच माझं काम आहे. माझं आजचं, म्हणजे ऑगस्ट २०२५ मधलं, उत्तर आधी देतो आणि मग त्यामागची रीत सांगतो. फुटबॉलमध्ये बारा सामन्यांपैकी तीन विजय, एखादा इकडे-तिकडे. बास्केटबॉलमध्ये नियमित सीझनच्या एकतीस सामन्यांपैकी चोवीस ते सत्तावीस विजय आणि देशातल्या पहिल्या पाच संघांत जागा. राष्ट्रीय विजेतेपदाची शक्यता मात्र मी तेरा टक्क्यांच्या आसपास धरतो. तुझ्या मित्रांच्या तोंडून ऐकलेल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी असेल.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हे तुला आता कळलंच असेल. मैदानावर अकरा जण, पण आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, किक मारणारे आणखी निराळे. यंदापासून संघाच्या यादीत जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. बास्केटबॉलमध्ये यादी पंधराची, मैदानावर पाच, आणि खरं पाहता सात-आठ जणच सगळी मिनिटं खेळतात. दोन संघांतल्या फरकाचं निम्मं उत्तर या संख्येतच आहे. बास्केटबॉलमध्ये तीन चांगली मुलं मिळाली आणि ती चार वर्षं टिकली, तर संघ उभा राहतो. फुटबॉलमध्ये तीन चांगली मुलं मिळूनही तुम्ही अकरा सामने हरू शकता, कारण उरलेल्या एकोणीस जागांवरची गळती तीन जण थांबवू शकत नाहीत.

पर्ड्यूच्या फुटबॉल संघाचं गेल्या वर्षी नेमकं तसंच झालं. एक विजय, अकरा पराभव.

असा आकडा समोर आला की मी पहिला प्रश्न विचारतो: हा आकडा खरा आहे का? म्हणजे संघ खरोखर इतका कमकुवत होता, की नशिबाने मारला? यासाठी एक जुनं सूत्र आहे. बिल जेम्स यांनी ते बेसबॉलसाठी मांडलं, पुढे बाकीच्या खेळांनी उचललं. जिंकलेले-हरलेले सामने बाजूला ठेवायचे आणि वर्षभरात केलेले गुण व दिलेले गुण बघायचे. फुटबॉलसाठी दोन्हींचा साधारण २.३७ वा घात घेतात. केलेल्या गुणांचा घात भागिले दोन्ही घातांची बेरीज, म्हणजे संघाने किती टक्के सामने जिंकायला हवे होते त्याचं प्रमाण. पर्ड्यूने २०२४ मध्ये बारा सामन्यांत १८९ गुण केले आणि ४७९ दिले. सूत्रातून येतं १.२ विजय. प्रत्यक्षात आला एक. नशिबाचा काही संबंध नाही. इलिनॉयविरुद्ध ४९-५० आणि नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २०-२६ असे दोन सामने जादा वेळेत गेले, मिशिगन स्टेटशी १७-२४ झालं. लोक या तीन सामन्यांकडे बोट दाखवून "थोडक्यात हुकलं" म्हणतात. पण त्याच वर्षी नोत्र दामने ६६-७ आणि इंडियाना विद्यापीठाने ६६-० हरवलं, हे त्याच पानावर लिहिलेलं आहे.

दुसरा प्रश्न: कोणाविरुद्ध? इथे पर्ड्यूची बाजू थोडी सावरते. गेल्या वर्षी बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) गेलेल्यांपैकी पाच संघ पर्ड्यूच्या वेळापत्रकात होते: नोत्र दाम, ओरेगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट, इंडियाना. त्या पाच सामन्यांची बेरीज १७-२६१. कोणताही मध्यम संघ तिथे चिरडला गेला असता. म्हणून मी ते पाच सामने काढून टाकतो. दुसऱ्या टोकाचा, इंडियाना स्टेटविरुद्धचा ४९-० असा विजयही काढतो, कारण तो खालच्या विभागातला संघ. उरले सहा सामने, बरोबरीच्या वाटाव्या अशा संघांशी. त्यांत पर्ड्यूचे सरासरी गुण साडेवीस, समोरच्यांचे छत्तीसच्या वर. सहाही हरले. म्हणजे वेळापत्रकाची सबब काढून घेतली तरी बरोबरीच्या संघाच्या दोन टचडाउन (एक टचडाउन म्हणजे साधारण सात गुण) मागे असलेला हा संघ होता. माझ्या दृष्टीने तोच खरा आकडा: दोन टचडाउन मागे.

सूत्राने सांगितलं की संघ नशिबाने मारला गेला, तरी पुढचं वर्ष आपोआप सुधारतं असं समजू नकोस. नेब्रास्का २०२१ मध्ये ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) होता, पण वर्षभरात त्याने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुण जास्त केले होते आणि नऊपैकी एकही पराभव नऊ गुणांहून मोठा नव्हता. त्याने सातच्या आसपास सामने जिंकायला हवे होते. आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी २०२२ साठी त्याला भरघोस अंदाज दिले. सप्टेंबर संपण्याआधीच कोचला काढलं आणि वर्ष ४-८ वर संपलं. जवळचे सामने हरणं बहुतांश वेळा नशीबच असतं. पण चौथ्या क्वार्टरमध्ये बाद झालेली किक, चुकीच्या वेळी घेतलेला टाइमआउट, थकलेली दुसरी फळी, यांतलं काही नशीब नसतं, आणि ते गुणांच्या बेरजेत दिसत नाही. उलट बाजूचं उदाहरण टीसीयू, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ. २०२२ मध्ये अटीतटीचे सामने एकामागून एक जिंकत राष्ट्रीय अंतिम फेरीत गेला, तिथे जॉर्जियाकडून ६५-७ हरला आणि पुढच्या वर्षी ५-७.

तर गेल्या वर्षीचा खरा दर्जा हा पाया. त्यावर प्रश्न येतो की त्यातले कोण परत येतायत.

दहा वर्षांपूर्वी हे काम सोपं होतं. चौथ्या वर्षाची मुलं गेली, शाळेतून नवी आली, मधली राहिली. दुसऱ्या कॉलेजला गेलं तर एक वर्ष बसून राहावं लागायचं, त्यामुळे फार कोणी जात नसे. २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, २०२४ मध्ये कितीही वेळा बदलायची. त्याच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि यंदाच्या १ जुलैपासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आता दर हिवाळ्यात अर्धे संघ मोडून नव्याने जुळतात. मी "किती टक्के खेळ परत येतोय" असं मोजतो. माणसं मोजत नाही, त्यांनी खेळलेला खेळ मोजतो. फुटबॉलमध्ये बिल कॉनेली यांनी हे पद्धतशीर केलं: धावलेली, झेललेली, फेकलेली यार्डं, टॅकल, आक्रमणाच्या भिंतीतल्या खेळाडूंचा मैदानावरचा वेळ, आणि प्रत्येकाला वेगळं वजन.

पर्ड्यूची यंदाची ही बेरीज वाचताना मला वाईट वाटतं. डिलन थिनमन हा माझ्या मते इथला सर्वांत चांगला बचावपटू, तो ओरेगनला गेला. मॅक्स क्लेअर ओहायो स्टेटला, विल हेल्ट क्लेमसनला. तिघेही नावाजलेल्या संघांनी उचललेले. संघ ११ सामने हरला म्हणजे त्यात चांगले खेळाडू नव्हते असं नसतं, आणि ज्यांना जाता येतं ते जातात. नवे कोच बॅरी ओडम यांनी पन्नासच्या वर खेळाडू बाहेरून आणले. हा नवाच संघ आहे, जर्सी तेवढी जुनी.

अशा संघाचा अंदाज कसा बांधायचा? तीन गोष्टी पाहतो. पहिली, कोचने आधी काय केलंय. ओडम नेव्हाडाच्या लास वेगस विद्यापीठात दोन वर्षं होते आणि १९-८ असा हिशेब मांडून आले. त्याआधीच्या वर्षी तो संघ ५-७ होता आणि कित्येक वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याआधी मिझुरीत त्यांची चार वर्षं २५-२५. म्हणजे माणूस बांधणी करू शकतो, पण मोठ्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) त्याने चमत्कार केलेला नाही.

दुसरी, बाहेरून आलेले एकमेकांना ओळखतात का. हे मी महाग पडून शिकलो. इंडियाना विद्यापीठ २०२३ मध्ये ३-९ होतं. पत्रकारांच्या मतदानात २०२४ साठी त्याला बिग टेनच्या, म्हणजे पर्ड्यूही ज्यात खेळतो त्या कॉन्फरन्सच्या, अठरा संघांत सतराव्या जागी ठेवलं होतं. मी सहा विजय दिले आणि त्यातही मला धाडस केल्यासारखं वाटत होतं. ते ११-२ झाले. कर्ट सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून स्वतःचे तेरा खेळाडू सोबत आणले होते, त्यातले बरेच आधीच्या वर्षी अकरा सामने जिंकलेल्या संघातले. माझ्या तक्त्यात ते तेरा जण "छोट्या कॉन्फरन्समधून आलेले, गुण कमी करा" एवढंच होतं. त्यांच्यात आधीपासून जुळलेलं गणित मी मोजलंच नव्हतं. आता मी मोजतो: एकाच संघातून, एकाच कोचखाली किती जण एकत्र आले. पर्ड्यूचे यंदाचे पन्नास जण बहुतांशी वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, म्हणून इंडियानाची पुनरावृत्ती इथे होईल असं मी धरत नाही.

तिसरी, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) आणि त्याच्या पुढची पाच जणांची भिंत. रायन ब्राउन हिवाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि वसंतात परत आला. गेल्या वर्षी इलिनॉयविरुद्धच्या त्या ४९-५० सामन्यात चेंडू त्याच्याच हातात होता. धावणारा डेव्हिन मॉकबीही आहे. या दोघांमुळे आक्रमण गेल्या वर्षाइतकं कोरडं राहणार नाही असं मला वाटतं. पण भिंत नवी आहे. आक्रमणाच्या भिंतीतले पाच जण हा फुटबॉलचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उशिरा जुळणारा भाग. शेजारचा कोणत्या क्षणी वळणार हे न बघता कळायला महिने जातात. भजनी मंडळात पखवाज आणि टाळ जसे सरावाने एकमेकांना धरतात, तसं ते असतं. एकेकट्याने उत्तम वाजवून तिथे भागत नाही.

आता वेळापत्रक. प्रत्येक सामन्याला मी शक्यता देतो. माझा अंदाज आणि प्रत्यक्षातला गुणफरक यांत कॉलेज फुटबॉलमध्ये साधारण १६ गुणांचं प्रमाण विचलन असतं (म्हणजे अंदाज बहुतेकदा इतपत वर-खाली चुकतो), म्हणून सात गुणांनी सरस वाटणारा संघही तीनातला एक सामना हरतो. घरच्या मैदानाचे अडीच-तीन गुण धरतो. यंदाचे माझे आकडे: बॉल स्टेट आणि सदर्न इलिनॉय घरी, दोन्ही ८५ टक्के. घरी युएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) १२. नोत्र दामकडे जाऊन ३. इलिनॉय घरी १५, मिनेसोटात १५, नॉर्थवेस्टर्नकडे ३५, रटगर्स घरी ३०. मिशिगनमध्ये ८, ओहायो स्टेट घरी २, वॉशिंग्टनमध्ये १०, शेवटचा इंडियाना घरी १२. बेरीज कर, ३.१२ येते. एवढंच आहे ते, त्यात काही जादू नाही. पण बेरजेपेक्षा विस्तार जास्त सांगतो. दोन ते चार विजय ही खरी पट्टी. बोलमध्ये (नियमित सीझननंतरच्या मानाच्या सामन्यात) जायला लागणारे सहा विजय मिळण्याची शक्यता, माझ्या चुकीला जागा ठेवून, वीसात एक. आणि बिग टेनमधले नऊच्या नऊ सामने गेल्या वर्षीसारखे पुन्हा हरण्याची शक्यता पाचात एक. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, पण मुलांकडून पहिल्या वर्षी काय मागायचं हे ठरवताना ते माहीत असलेलं बरं.

कुणी विचारेल, ओहायो स्टेटला दोन टक्के तरी कशाला? कारण २० ऑक्टोबर २०१८. घरच्या रॉस-एड मैदानावरच दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला पर्ड्यूने ४९-२० हरवलं. २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचा आयोवा आणि तिसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट, दोन्ही हरवले. त्या संघांपेक्षा आजचा संघ कमकुवत आहे, म्हणून दोन. शून्य मात्र मी कधी लिहीत नाही.

बास्केटबॉलकडे वळताना मन मोकळं होतं, खोटं कशाला सांगू.

इंडियाना हे राज्यच बास्केटबॉलचं. इथल्या शाळांचे हॉल बघ एकदा, देशातले सर्वांत मोठे शालेय बास्केटबॉल हॉल बहुतेक याच राज्यात आहेत. छोट्या गावात जत्रेला जमावी तशी माणसं शुक्रवारी रात्री तिथे जमतात. मॅट पेंटर २००५ पासून पर्ड्यूचे मुख्य कोच आहेत, आणि त्यांची रीत आजच्या काळाच्या उलटी आहे: शाळेतून मुलं घ्यायची, त्यातली बरीचशी याच राज्यातली, आणि ती टिकवायची. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन. तिघेही इंडियानाच्या शाळांतले, तिघेही यंदा शेवटच्या वर्षाला, आणि तिघेही दुसरीकडे न जाता थांबले. गेल्या वर्षी कॉफमन-रेनने सामन्यामागे वीस गुण केले, स्मिथने सोळाच्या आसपास गुण आणि जवळजवळ नऊ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास). देशात असा दुसरा पॉइंट गार्ड (खेळ चालवणारा खेळाडू) मला दिसत नाही.

बास्केटबॉलमध्ये मी सामन्यामागचे गुण बघत नाही, प्रत्येक शंभर ताब्यांमागचे बघतो. चेंडू हातात आला आणि गेला, तो एक ताबा. काही संघ धावत खेळतात, काही संथ. पर्ड्यू संथ. सामन्यामागचे गुण पाहिले तर संथ संघाचं आक्रमण उगाच दुबळं दिसतं आणि बचाव उगाच भक्कम. ही पद्धत लोकांपर्यंत पोहोचवली केन पॉमरॉय यांनी, आणि ते मूळचे हवामानशास्त्रज्ञ. मला यात मोठा अर्थ दिसतो. उद्या पाऊस पडणार की नाही यावर "साठ टक्के" असं उत्तर देण्याची ज्याला सवय आहे, तोच संघाबद्दल प्रामाणिकपणे बोलू शकतो. पुण्याला लहानपणी वेधशाळेवर सगळे चिडायचे. मला आज वाटतं की साठ टक्के म्हणजे काय हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

तर शंभर ताब्यांच्या हिशेबाने गेल्या वर्षीचं पर्ड्यूचं आक्रमण देशातल्या अव्वल संघांत होतं आणि बचाव बराच मागे. वर्ष २४-१२ झालं आणि शेवट ह्यूस्टनकडून ६२-६० असा. बचाव का मागे पडला याचं कारण दिसणारं होतं. झॅक ईडी, सात फूट चार इंच, सलग दोन वर्षं देशाचा सर्वोत्तम खेळाडू, तो २०२४ मध्ये एनबीएला गेला. त्याच्या जागी तयार केलेला डॅनियल जेकबसन, तोही सात फूट चार इंचांचा, नोव्हेंबरमध्येच पाय मोडून वर्षभर बाहेर बसला. बास्केटखाली उंच माणूस नाही, त्यामुळे समोरचे सरळ आत शिरून टाकत होते आणि चुकलेला चेंडू त्यांच्याच हातात जात होता. यंदा जेकबसन परत आलाय, आणि साउथ डकोटा स्टेटहून ऑस्कर क्लफ आलाय. गेल्या वर्षी देशात सर्वाधिक रिबाउंड (असे चुकलेले चेंडू) घेणाऱ्यांत तो अग्रभागी होता. मला बाहेरून आलेल्यांवर साधारणपणे फार विश्वास नसतो. पण इथे जे भोक होतं त्याच मापाचं ठिगळ आणलंय. फुटबॉलच्या पन्नास नव्या खेळाडूंपेक्षा हा एक खेळाडू अंदाज जास्त हलवतो.

तरी दोन इशारे देतो.

एक, परत येणारे म्हणजे सुधारणारे असं नाही. पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाताना खेळाडू सर्वांत जास्त वाढतो, मग वाढ कमी होत जाते. चौथ्या वर्षाचा स्मिथ तिसऱ्या वर्षाच्या स्मिथहून फार वेगळा नसणार. म्हणून माझ्या हिशेबात हे तिघं "आहेत तसे" धरलेत, आणि वाढ धरलीय ती जेकबसनची.

दुसरा इशारा नॉर्थ कॅरोलायनाचा. २०२२ मध्ये तो संघ अंतिम सामन्यात कॅन्ससकडून ७२-६९ असा हरला आणि पाचपैकी चार प्रमुख खेळाडू परत आले. सीझनपूर्व मतदानात पहिला क्रमांक. वर्ष संपलं २०-१३ वर आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रणसुद्धा आलं नाही. १९८५ मध्ये स्पर्धा चौसष्ट संघांची झाल्यापासून पहिल्या क्रमांकाने सुरुवात करून बाहेर राहिलेला तो पहिलाच संघ. काय चुकलं? सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मार्चमधले तीन आठवडे होते. नोव्हेंबर ते मार्च तो संघ स्पर्धेत आठव्या मानांकनाच्या (चार गट, प्रत्येकात एक ते सोळा मानांकनं) लायकीचाच होता, आणि तेच त्याला मिळालं होतं. शिवाय जो एक पाचवा खेळाडू गेला, तो लांबून तीन गुणांची फेक चाळीस टक्क्यांनी टाकणारा उंच माणूस. तो गेल्यावर समोरच्यांना बाहेर धावायचं कारण उरलं नाही आणि आतली जागा आक्रसली. परत येणाऱ्या चार जणांची यादी सगळ्यांनी वाचली, पण गेलेला एक जण त्या चौघांसाठी काय करत होता हे फार थोड्यांनी विचारलं. पर्ड्यूच्या बाबतीत मी हाच प्रश्न विचारून पाहिला. गेलेल्यांत कॅमडेन हाइड आणि माइल्स कॉल्विन हे कामाचे खेळाडू होते, पण ते आक्रमणाचा कणा नव्हते. म्हणून मला इथे नॉर्थ कॅरोलायना दिसत नाही.

वेळापत्रक जड आहे. नोव्हेंबरातच अलाबामाच्या मैदानावर जायचंय, आणि बिग टेनमधले वीस सामने. पर्ड्यूच्या मॅकी अरीनामध्ये चौदा हजारांवर माणसं बसतात आणि तो आवाज मी पंचवीसेक सामन्यांत कानांनी ऐकलाय, त्यामुळे घरचे तीन गुण मी इथे थोडे वाढवून धरतो. बिग टेनमध्ये पंधरा-सोळा विजय, एकूण चोवीस ते सत्तावीस. फुटबॉलच्या तुलनेत पट्टी अरुंद आहे, कारण एकतीस सामन्यांत नशीब बरंच विरून जातं. बरोबरीच्या संघांशी बारा सामने खेळले तर नुसत्या नशिबाने पावणेदोन विजय वर-खाली होतात, म्हणजे बाराचे चौदा टक्के. एकतीसमध्ये ते नऊ टक्क्यांवर येतं.

मग विजेतेपदाला फक्त तेरा टक्के का? मार्चची स्पर्धा बाद पद्धतीची, सहा सामने लागोपाठ जिंकायचे. चांगल्या संघाला मी पहिल्या फेरीत ९७ टक्के देतो, मग ८८, ७५, ६५, ५८, ५५. यांतला एकही आकडा वाईट नाही. सगळे गुणून बघ, ०.१३ येतात. देशात साडेतीनशेहून जास्त संघ असताना हे फार मोठं आहे, आणि तरी आठातल्या सात वेळा हा संघ हरून घरी येईल. पर्ड्यूला हे कुणी शिकवायला नको. २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाकडून, २०२२ मध्ये पंधराव्याकडून आणि १७ मार्च २०२३ ला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा पराभव. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरल्याची ती पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासातली दुसरीच वेळ. पहिली वेळ २०१८ ची, मेरीलँडच्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाने व्हर्जिनियाला हरवलं होतं. आपली बरीच मराठी मुलं तिथे शिकतात, त्यांना अजून त्या रात्रीचा अभिमान आहे. आता पुढचं ऐक: व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला. पर्ड्यू पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात गेला, कनेक्टिकटकडून ७५-६० हरला. दोन्ही संघांचा गाभा तोच होता. एका रात्रीच्या पराभवावरून ज्यांनी पुढच्या वर्षाचा अंदाज खाली आणला ते दोन्ही वेळा चुकले. मी २०२३ च्या उन्हाळ्यात पर्ड्यूचा एकही गुण कमी केला नाही, आणि माझ्या कामातल्या ज्या थोड्या निर्णयांबद्दल मला समाधान आहे त्यांतला तो एक.

पासबद्दल. बास्केटबॉलचा घे, पेंट क्रूमध्ये, म्हणजे विद्यार्थी समर्थकांच्या गटात, उभा राहा, आणि जानेवारीच्या थंडीत दारापुढे रांगेत थांबायची तयारी ठेव. फुटबॉलचाही घे, असं मी सांगीन. या गावाची लोकसंख्या मैदानातल्या खुर्च्यांपेक्षा कमी आहे, आणि ते मैदान १९२४ पासून उभं आहे. ३० ऑगस्टला बॉल स्टेटविरुद्ध जाशील तेव्हा धावफलकाकडे फार बघू नकोस, तो सामना बहुधा जिंकतीलच. ब्राउनच्या पुढची पाच जणांची भिंत बघ. चेंडू हातात आल्यावर त्याला तीन सेकंद शांतपणे उभं राहायला मिळतंय का, ते मोज. मिळत असेल, तर माझे नॉर्थवेस्टर्नचे ३५ आणि रटगर्सचे ३० वर जातील. मीही सप्टेंबरअखेर हे आकडे बदलतो. चार सामने झाले की गेल्या वर्षाचं वजन माझ्या हिशेबात निम्म्यावर येतं.

आणि २८ नोव्हेंबरचा इंडियानाविरुद्धचा शेवटचा सामना चुकवू नकोस. त्या सामन्याचं बक्षीस म्हणजे एक जुनी ओकच्या लाकडाची बादली, आणि तिला दरवर्षी जिंकणाऱ्याच्या अक्षराची एक कडी जोडतात. पहिली कडी १९२५ ची, शंभर वर्षांपूर्वीची. तो सामना ०-० सुटला होता, म्हणून तिच्यावर दोन्ही कॉलेजांची अक्षरं आहेत. गेल्या वर्षीची कडी इंडियानाची, ६६-० ची. यंदा मी पर्ड्यूला बारा टक्के दिलेत.